दुतोंड्यांचा दगड

लग्न ठरताना तिच्या आईने मुलगा बघितला, घर बघितलं, गोठा बघितला, विहिरीत वाकून पाणीसुद्धा बघितलं. आडनाव तेवढं कुणी बघितलं नाही. उंबरा ओलांडून ती आत आली आणि दुतोंडे झाली. माहेरचं आडनाव साधं होतं, कुणी पुन्हा विचारणार नाही असं. इथे दवाखान्यात, दुकानात, कुठेही नाव सांगितलं की समोरचा मान वर करायचा. "काय म्हणालात?" "दुतोंडे." मग ते ठरलेलं हसू. एका कंपाउंडरने तर चिठ्ठी लिहिता लिहिता विचारलं होतं, "मग गोळी कुठल्या तोंडाने घेणार?" घरी येऊन तिने भांडी अशी आपटली की सासऱ्यांनी बाहेरच्या खोलीतून विचारलं, "कुणाचं डोकं फोडतेस गं?"

हे आडनाव आलं कुठून, याला घरात जितकी माणसं तितकी उत्तरं. सासू होती तोवर सांगायची, घराला पूर्वी दोन दरवाजे होते, एक वरच्या आळीकडे, एक खालच्या आळीकडे, म्हणून दुतोंडे. नवऱ्याचं मत असं की एखादा पूर्वज पक्का लबाड असणार, लोकांनी त्याला शिवी दिली आणि आपण ती पदवीसारखी मिरवतोय. सासरे, म्हणजे आबा, या भानगडीत पडायचेच नाहीत. "पाटाला दोन तोंडं आहेत, आपण ती सांभाळतो. त्यात काय एवढं," असं म्हणून खांद्यावर फावडं टाकून ते निघायचे.

काम खरंच तेच होतं. तलावातून पाट यायचा तो गावाबाहेर एका बसक्या काळ्या दगडापाशी फुटायचा. डावं तोंड वरच्या आळीच्या शेतांकडे, उजवं खालच्या आळीच्या. निम्मं पाणी यांचं, निम्मं त्यांचं. सांगायला सोपं, पण वरच्यांची चारी, म्हणजे शेताकडे पाणी नेणारा चर, रुंद आणि उथळ, खालच्यांची अरुंद आणि खोल, त्यामुळे नुसतं बघून कुणाच्या बापाला निम्मं कळलं नसतं. ते दुतोंड्यांच्या हाताला कळायचं. रोज सकाळी आबा त्या दगडावर उकिडवे बसायचे, तोंड येणाऱ्या पाण्याकडे. बाह्या वर सारून दोन्ही हात दोन्ही तोंडांत कोपरापर्यंत घालायचे आणि डोळे मिटायचे. तळव्यावर पाण्याचा रेटा कुठे जास्त, कुठे कमी ते अजमावायचे. मग हात काढून एका बाजूची पाणी अडवणारी फळी जरा उचलायची, पाचर ठोकायची, पुन्हा हात घालायचे. दोन्हीकडे रेटा सारखा लागला की म्हणायचे, "झालं." त्यावर आजवर कुणी ब्र काढला नव्हता. या कामाबद्दल सुगीला दोन्ही आळ्यांतून धान्य यायचं आणि पाटाच्या कडेला असलेल्या घरच्या तुकड्याला रोज घटकाभर पाणी मिळायचं. त्या तुकड्यात तिने वांगी लावली होती. घरात रोख दिसायची ती त्या वांग्यांची.

त्या साली तलाव तळाला गेला. पाटात पाणी यायचं ते घोट्याएवढं, तेही गढूळ. ऊन असं की दुपारी फावड्याचा दांडा हातात धरवत नव्हता. माणसं उगाच एकमेकांवर खेकसायला लागली. अशात एका सकाळी ती पाटावर कपडे धूत असताना खालच्या आळीची सुतारीण येऊन उभी राहिली. नवरा गेल्यापासून ही बाई सुतारकाम सोडून मिरचीच्या चार वाफ्यांवर घर चालवत होती. बोलायला फटकळ, पण मनात काही ठेवणारी नव्हती.

"माझी मिरची माना टाकतेय," सुतारीण म्हणाली.

"सगळ्यांचीच पिकं माना टाकतायत, ताई."

"वरच्यांची जाऊन बघ. पैलवानाचा मका बघ कसा उभा आहे, नवरदेवासारखा."

"आबा रोज निम्मं निम्मं करतात."

"करतात ना. एक तोंड आमच्याशी गोड बोलतं, दुसरं तिकडे पाणी ओततं. आडनाव काय उगाच पडतं?"

ती पिळा घातलेला सदरा तसाच हातात धरून बसली. सुतारीण निघून गेली तरी कानात तेच. ती खरंच चिडली होती, कारण आबांइतका सरळ माणूस तिने माहेरीसुद्धा बघितला नव्हता. दुकानदाराने चुकून जास्त साखर बांधली तर परत नेऊन देणारा माणूस.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो उसळला. तो धान्याच्या गोदामात पोती मोजायचा, दिवसभर लोकांचे टोमणे ऐकायचा. "म्हणून म्हणतो, नाव बदलू. मी चौकशी करून ठेवलीय. लेक पुढच्या वर्षी शाळेत जाईल. तिला कशाला हा डाग? सरळे लावू. काय वाईट आहे? सरळे."

"म्हणजे आजवर वाकडे होतो असं आपणच दवंडी पिटायची," आतून आबा म्हणाले.

"मग तुम्ही सांगा ना, दुतोंडे म्हणजे काय ते."

"मला काय ठाऊक. माझ्या आज्याला ठाऊक असेल. त्याला मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही." आबा बाहेर आले. चुलीवर दूध वर येत होतं आणि तिचे हात पिठात होते. "आबा, दूध," ती म्हणाली. आबांनी पुढे होऊन डाव्या हाताने, नुसत्या हाताने, पातेलं कडेला धरून उचललं आणि सावकाश खाली ठेवलं.

ती पिठाच्या हातांनीच पुढे आली. "आबा, भाजलं नाही?"

"काय भाजलं?"

त्यांनी हाताकडे बघितलं. बोटांवर लाल पट्टा उठला होता. आबांनी हात धोतराला पुसला, पाठीमागे नेला आणि म्हणाले, "आमचे हात काय तुमच्यासारखे लोण्याचे आहेत?" नवरा हसला. ती नाही हसली. संध्याकाळपर्यंत त्या बोटांवर टरारून फोड आले आणि आबा त्याच हाताने गाईची दोरी सोडत होते, फोड फुटला तरी त्यांना पत्ता नव्हता.

एकदा डोळ्यात खडा गेला की सलतच राहतो. आबा सदऱ्याची बटणं अलीकडे एकाच हाताने लावतात. डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटते आणि मागून कुणीतरी सांगावं लागतं. मध्यंतरी पेला हातातून पडला तेव्हा ते मांजरावर ओरडले, आणि मांजर तर अंगणात होतं. हे सगळं तिने बघितलं होतं, फक्त एका जागी ठेवून बघितलं नव्हतं. आता ठेवलं आणि तिने ताट बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी ती भाकरी घेऊन पाटावर गेली. आबा वर तलावाच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढायला गेले होते. दगड रिकामा होता. आजवर ती त्यावर कधी बसली नव्हती. कुणी मना केलं होतं असं नाही, कुणी ये म्हटलं नव्हतं एवढंच. तिने इकडेतिकडे बघितलं, लुगडं आवरलं, आबांसारखी पाण्याकडे तोंड करून बसली आणि दोन्ही हात आत घातले.

पाणी गार होतं. डाव्या तळव्यावर चांगला रेटा होता. उजव्यावर जेमतेम.

तिला वाटलं, आपल्याला काय कळतंय यातलं. आपला डावा हातच जास्त हळवा असेल. पण बाजारात दोन कोबी हातात घेतले तर बाई ते अदलाबदल करून बघतेच, या हातातला त्या हातात, त्या हातातला या हातात. ती उठली आणि उलटी बसली, पाण्याकडे पाठ करून. आता वरच्या आळीचं तोंड उजव्या हाताला आलं. हात घातले. रेटा आता उजवीकडे होता. म्हणजे हाताचा दोष नव्हता. पाणीच वरच्या आळीकडे जास्त जात होतं.

तिने हात बाहेर काढले. आबांच्या डाव्या हाताला रेटा कळतच नव्हता. कमी लागतो म्हणून ते बिचारे डावी फळी उचलत राहिले, रोज, डोळे मिटून, देवासमोर बसल्यासारखे. आणि सुतारणीची मिरची वाळत राहिली. सुतारीण खोटं बोलत नव्हती.

तिने पहिल्यांदा नवऱ्याला सांगितलं, गोठ्यात, हळू आवाजात. त्याने शेणाचं घमेलं भरलं. मग म्हणाला, "गप्प बस."

"अहो, पण..."

"आपलेच दात, आपलेच ओठ. बोललीस तर काय होईल ठाऊक आहे? पैलवान टपूनच बसलाय. पाटाला लोखंडी दार बसवतो, कुलूप लावतो, माझा माणूस ठेवतो म्हणतो. मग आबा कुठे, आपण कुठे, नि तुझी वांगी कुठे? पाऊस येईपर्यंत कळ काढ. चारीत गाळ साचलाय म्हणायचं, मी साफ करून देतो."

"आणि आबांना तसंच बसवायचं दगडावर?"

"त्यांना कळलं तर ते जगतील का?" नवऱ्याचा आवाज फाटला. तिला त्याचा रागही आला आणि दयाही आली.

ती आबांकडे गेली. ते खाटेवर पाठ टेकून बसले होते. "आबा, हात बघू."

"कशाला?"

"फोडाला हळद लावते."

त्यांनी डावा हात पांघरुणाखाली सारला. "हात शाबूत आहे माझा. तू चूल बघ." ती हलली नाही तसे ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "या घरात दुसरं काय आहे? असलं तसलं, पण त्या हातामुळे नाव आहे." तिला कळलं की आबांना काहीतरी उमगलंय आणि ते त्या उमगण्याकडे बघायला तयार नाहीत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं तिला. कूस बदलून बदलून अंग दुखलं, पण झोप आली नाही.

खालच्या आळीने निरोप धाडलाच. सकाळी सगळे दगडापाशी जमा. सुतारीण पुढे होती, तिच्या हातात मिरचीचं एक उपटलेलं झाड, मुळापासून वाळलेलं. वरच्या आळीतून पैलवान आला होता. हा माणूस तरुणपणी कुस्त्या खेळायचा, आता नुसतं पोट आणि नाव उरलं होतं. तो आल्या आल्या म्हणाला, "आमची काही तक्रार नाही. दुतोंड्यांचा हात म्हणजे हात."

"तुझी कशाला असेल," सुतारीण म्हणाली. "आबा, तुम्ही आमच्यासमोर पाणी तोला. बघू दे सगळ्यांना."

आबा दगडावर बसले. गुडघे कटकन वाजले. बाह्या वर सारल्या, दोन्ही हात आत गेले, डोळे मिटले. ती काठावर उभी होती, नवरा तिच्या शेजारी. त्याने तिचा दंड धरला होता, दुखेल इतका. आबांनी हात काढले, डावी फळी आणखी जराशी उचलली, पाचर ठोकली. पुन्हा हात घातले. त्यांच्या चेहऱ्यावर ती नेहमीची शांती आली आणि ती बघून तिला रडू फुटेल असं वाटलं.

"झालं," आबा म्हणाले.

वरच्या चारीत पाण्याचा आवाज वाढला होता. पैलवान म्हणाला, "चला, मिटलं."

सुतारणीने हातातलं झाड पाण्यात टाकलं. ते वाहत वरच्या तोंडाकडे गेलं, पण एक काडी कुठे गेली म्हणून काही सिद्ध होत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. ती काही न बोलता वळली. नेहमी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई काही न बोलता वळली, तेच सोसवेना.

"आबा," सून म्हणाली. तिने दंड सोडवून घेतला. "आबा, एकदा तोंड फिरवून बसा."

"काय?"

"पाण्याकडे पाठ करा. डावा हात खालच्या तोंडात घाला, उजवा वरच्या."

माणसं चुळबुळली. कुणीतरी हसलं. पैलवान म्हणाला, "आता सून शिकवणार काय पाणी तोलायला?" नवऱ्याने मान खाली घातली. आबा तिच्याकडे बघत राहिले. रागाने बघितलं असतं तर बरं होतं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, लहान मुलाला अंधाऱ्या खोलीत जा म्हटल्यावर असते तशी. तिने नजर काढली नाही. आपण या माणसाला तिथे ढकलतोय, याने तिचा जीव अर्धा झाला होता, पण ती म्हणाली, "एकदाच, आबा."

ते उठले. ओल्या दगडावर पाय सरकला, नवऱ्याने पुढे होऊन धरलं. ते फिरले, बसले आणि हात आत घातले.

उजव्या हाताला वरचं पाणी लागलं आणि त्यांनी डोळे उघडले. इतका रेटा त्यांनी त्या उन्हाळ्यात तिकडे कधी अनुभवलाच नव्हता. त्यांनी उजवा हात काढला, देह वळवून तोच खालच्या तोंडात घातला. पुन्हा वरच्या. पुन्हा खालच्या. मग डावा हात पाण्यातून वर काढून समोर धरला आणि परक्याची वस्तू बघावी तसे त्याच्याकडे बघत राहिले.

"आजा असाच करायचा," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मागच्यांनी "काय, काय" केलं. आबा मोठ्याने बोलले. "माझा आजा एकदा असा बसायचा आणि मग उठून असा फिरून बसायचा. रोज. दोन्हीकडे तोंड करून. मला वाटायचं म्हाताऱ्याचे पाय अवघडतात. बाप मात्र एकाच दिशेला तोंड करून बसला, आणि मीही. अरे, कुठल्या माणसाचे दोन हात सारखे असतात? त्याला ते ठाऊक होतं. म्हणून दुतोंडे. अर्धं काम टाकून दिलं आम्ही आणि नाव तेवढं ठेवलं."

पाणी वाहत होतं, फुकट.

"माझा डावा हात गेलाय," आबा म्हणाले. ते वरच्यांकडे बघून म्हणाले, मग मान वळवून खालच्यांकडे बघून तेच म्हणाले. "कधीपासून, मला सांगता येत नाही. जाणवत होतं, पण मान्य करवत नव्हतं. तुमचं पाणी मी तिकडे घातलं. सुतारीणबाई, तुझी मिरची मी मारली."

पैलवान खाकरला. "म्हाताऱ्याला दोष कशाला? मी सांगत होतोच, लोखंडी दार बसवू. माझा माणूस..."

"तुझ्या माणसाचे दोन्ही हात तुझेच असतील," सुतारीण म्हणाली. खालच्या आळीतले हसले, आणि वरच्यातलेही एकदोघे हसले. पैलवानाने हातातली टोपी डोक्यावर घातली.

आबा दगडावरून उतरले. सुनेला म्हणाले, "बैस."

ती बसली. लोक एवढे जवळ आले होते की कुणाच्या तरी श्वासाला तंबाखूचा वास येत होता. आधी पाण्याकडे तोंड करून तोललं, डावी फळी पाडली, पाचर ठोकली. मग उठून फिरली. आता समोर सगळी शेतं होती, एका अंगाला उभा मका, दुसऱ्या अंगाला करपलेले वाफे, आणि त्यांच्या मध्ये कमरेवर हात ठेवून सुतारीण. तिने हात घातले. आणखी दोन बोटं फळी खाली गेली. पुन्हा फिरली, पुन्हा तोललं. दोन्ही बाजूंनी सारखं लागलं.

"झालं," ती म्हणाली.

"अजून पाड," सुतारीण म्हणाली.

"ताई, निम्मं झालं."

"इतके दिवस आमचं गेलं त्याचं काय? अजून चार बोटं पाड त्यांची फळी. तेवढे दिवस आम्हाला जास्त दे. हिशेब सारखा होईल."

खालच्या आळीने माना डोलावल्या. तिलाही पाडावीशी वाटली. त्या बाईचं वाळलेलं झाड तिने बघितलं होतं. चूक आपल्या घराची, फळी आपल्या हातात, आणि चार बोटं म्हणजे काय. कुणी नाव ठेवलं नसतं. तिने फळीवर हात ठेवला आणि तसाच ठेवून राहिली.

"नाही ताई," ती म्हणाली. "पाटाला चूक कळत नाही. आज तुमच्यासाठी पाडली तर उद्या आणखी कुणासाठी पाडेन. पाट निम्माच राहील."

"म्हणजे आम्ही मेलो ते मेलो."

"माझ्या वांग्यांच्या पाण्याची पाळी तुम्ही घ्या. आजपासून, पाऊस पडेपर्यंत. ती आमची आहे, ती मला देता येते."

नवऱ्याने झटकन वर बघितलं. त्या वांग्यांवर काय काय ठरलं होतं ते दोघांनाच ठाऊक. शाळेचे कपडे, छपराचे पत्रे. तो काहीतरी बोलणार असं तिला वाटलं. आबा मधे पडले नाहीत. ते उजव्या हाताने डाव्याची बोटं चोळत उभे होते.

"मिरची गेली माझी, आता पाणी घेऊन काय करू?" सुतारीण म्हणाली, पण आवाजातली धार गेली होती.

"कडेच्या दोन ओळी जगतील," नवरा म्हणाला. "मुळं ओली असतील अजून. मी बघितलं येताना." त्याने आबांचं फावडं उचललं आणि पाटाच्या कडेने चालू लागला. घरच्या वाफ्याचं दार त्याने मातीने बुजवलं, पायाने दाबलं आणि सुतारणीच्या चारीचं तोंड फोडलं. सुतारीण त्याच्या मागोमाग गेली, पाणी कुठपर्यंत पोचतंय ते बघायला.

माणसं पांगली. पैलवान जाता जाता तिला म्हणाला, "उद्या आम्ही बघायला येणार, वहिनी. रोज येणार."

"या. दोन्हीकडून बघा," ती म्हणाली.

घरी जाताना आबांची चप्पल दोनदा निसटली. दोन्ही वेळा तिने वाकून ती त्यांच्या पायात घातली आणि त्यांनी घालू दिली. वाटेत वांग्यांचा वाफा लागला. पानं उन्हाने लोंबली होती, फुलं नुकती धरत होती. ती घटकाभर थांबली, मग गेली. त्या उन्हाळ्यात वांग्यांना पाणी मिळालं नाही.